गावचं रेशन आळंदीत

प्रश्न : महिन्यापूर्वी परभणीहून आळंदीत आलो. यजमान चाकणला कंपनीत आहेत. गावच्या रेशनकार्डावर इथं धान्य मिळत नाही म्हणतात. ओळखीचं कुणी नाही, करमतही नाही.
– एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, मिळतं. ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजनेत गावचंच कार्ड इथल्या दुकानात चालतं. रेशनकार्डाला आधार जोडलेला हवा. नंबर सांगून मशीनवर अंगठा द्यायचा. सासूबाई गावी असतील तर त्यांचा वाटा त्या तिकडे उचलतील.

घरमालकाकडून नोंदणी केलेला भाडेकरार मात्र मागाच. कार्तिकी वारीत रस्ते बंद असतात, किराणा आधी भरा. आणि इंद्रायणीचं पाणी तीर्थ म्हणूनसुद्धा तोंडात घालू नका. फेस पाहिलाच असेल.

संध्याकाळी हरिपाठाला बसत जा. परभणीकडची बोली कानावर पडेलच.