काय बघू, असं कुणी विचारलं तर

भिवंडीत पद्मानगरजवळ माझं मोबाइलचं दुकान आहे. रिचार्ज मारायला आलेलं माणूस जाता जाता विचारतं, "दादा, काहीतरी चांगलं बघायला सांगा ना." सिनेमा आणि गोष्टींचे यूट्यूब चॅनल सुचवताना जे कळत गेलं, ते लिहितो.

१. आधी त्याची पाळी विचारावी. इथल्या लूमवर (यंत्रमागावर) बारा तास उभा राहणाऱ्याला जेवणाच्या सुट्टीतली थोडी मिनिटं मिळतात, तीही खडखडाटात. त्याला दोन तासांची मुलाखत सांगून उपयोग नाही.

२. 'पूर्ण सिनेमा दहा मिनिटांत' सांगणारे चॅनल मी सुचवत नाही. नागराज मंजुळेंच्या 'फँड्री'ची (२०१३) गोष्ट चार वाक्यांत सांगता येईल. पण पकडलेलं डुक्कर खांद्यावर घेऊन नायक जब्याचं कुटुंब चाललंय आणि मागे शाळेच्या भिंतीवर आंबेडकर, फुले रंगवलेले आहेत, हे दृश्य डोळ्यांनीच बघावं लागतं. गोष्ट आधीच फुटली की ते बघायची ओढ उरत नाही. याबाबतीत मी हट्टी आहे.

३. चांगला चॅनल कसं बघायचं ते दाखवतो. टोनी झू आणि टेलर रामोस यांचा 'एव्हरी फ्रेम अ पेंटिंग' त्यातला माझा सगळ्यात लाडका. निवेदन इंग्रजीत आहे, म्हणून मी आधी कुणाला सांगत नव्हतो. मग शेजारच्या पोरांना त्यांचा जॅकी चॅनवरचा व्हिडिओ (२०१४) लावून दिला. जॅकी ठोसा आणि त्याचा परिणाम एकाच चौकटीत दाखवतो, खुर्ची, शिडी, हाताला लागेल ते वापरतो, आणि लढाईची सुरुवात नेहमी अडचणीतून करतो. इंग्रजी न कळणाऱ्या पोरांनी हे नुसत्या चित्रांवरून ओळखलं. त्यानंतर एखाद्या हाणामारीत कॅमेरा उगाच हलला की तीच बोट दाखवू लागली. पुढे मी त्यांना कुरोसावावरचा व्हिडिओ दिला. पाऊस, वारा, धूर यांनी चौकट कशी हलती राहते, ते त्यात आहे.

४. आपल्यासारख्या गावाची गोष्ट आधी द्यावी. मालेगावही लूमचंच गाव. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' केला. फैजा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटात नासिर यांची मंडळी सायकलवर कॅमेरा धरून ट्रॉली शॉट घेताना दिसतात. त्यातला सुपरमॅन झालेला शफीक लूमवर काम करणारा. इथल्या कामगाराला हे बघताना काही समजावून सांगावं लागत नाही. रीमा कागतींचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' हा कथापट नंतर आला, पण मी माहितीपटच आधी सांगतो. खऱ्या माणसांचे चेहरे आधी बघावेत.

५. मराठीत सौमित्र पोटे यांच्या लांब मुलाखतींचं 'मित्रम्हणे' निवांत वेळ असलेल्यांसाठी. कॉलेजच्या मुलांना भाडिपा (भारतीय डिजिटल पार्टी) सांगावं लागत नाही, त्यांना ते आधीच माहीत असतं. गावाहून आलेल्या मावश्यांना 'कोरी पाटी'च्या 'गावाकडच्या गोष्टी' आणि बारामतीकडची 'चांडाळ चौकडीच्या करामती' फार आवडतात. बोली त्यांच्या ओळखीची.

६. यादी देऊ नये. एकच व्हिडिओ त्याच्याच फोनवर उघडून, 'नंतर पाहा' मध्ये टाकून द्यावा. माणूस पुढच्या वेळी आला की "कसा वाटला?" नको, "कुठे थांबलात?" विचारावं. तो कुठे कंटाळला हे कळलं की पुढचं सुचवणं सोपं जातं.

७. चॅनलवरून मूळ सिनेमाकडे न्यावं. आमच्या गल्लीतल्या एका तेलुगू काकांना प्रभात फिल्म कंपनीवरचा एक छोटा व्हिडिओ दाखवला आणि लगेच दामले-फत्तेलालांचा 'संत तुकाराम' (१९३६) लावून दिला. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवलेला हा सिनेमा त्यांनी फोनवर, तुकड्या-तुकड्यांत, पण पूर्ण पाहिला. मग विचारत आले, "असंच ज्ञानेश्वरांचं आहे का?" आहे. तेही प्रभातचंच, १९४० चं.