सेंट हेलेनाचे वृक्ष-नेचे

नेचे म्हटले की पावसाळ्यात विहिरीच्या चिऱ्यांतून डोकावणारी नाजूक पाने डोळ्यांपुढे येतात. परंतु काही नेचे माणसाहूनही उंच वाढतात. कर्नाटकातील सह्याद्रीत ओढ्याकाठी आढळणारा 'सायथिया' हा असाच वृक्ष-नेचा. त्याच्या एका दूरच्या भाऊबंदाची माहिती मी येथे देत आहे.

दक्षिण अटलांटिक महासागरातील सेंट हेलेना बेट नेपोलियनच्या बंदिवासामुळे आपणांस ठाऊक आहे. त्याचे क्षेत्रफळ अवघे १२२ चौरस किलोमीटर. मध्यभागी सुमारे ८२० मीटर उंचीची डोंगररांग असून तिच्या माथ्यावर 'डिक्सोनिया आर्बोरेसेन्स' हा वृक्ष-नेचा वाढतो. जगात अन्यत्र तो निसर्गतः आढळत नाही.

त्याचे खोड झाडासारखे दिसले तरी त्यात खरे लाकूड नसते. जुन्या पानांच्या देठांचे अवशेष आणि मुळांचे दाट जाळे यांनी ते जाड होते. वाऱ्याबरोबर येणारे धुके पानांवर अडते व थेंब होऊन खाली झिरपते. या ओल्या खोडावरच सूर्यफुलाच्या कुळातील 'ब्लॅक कॅबेज ट्री'सारख्या दुर्मिळ वृक्षांची रोपे रुजतात. म्हणजे हा नेचा इतरांची रोपवाटिकाच होय. शिवाय बेटावरील झऱ्यांना पाणी मिळते ते याच डोंगरातून.

इ. स. १५०२ मध्ये पोर्तुगीज तेथे पोहोचले. त्यांनी सोडलेल्या शेळ्यांनी कोवळी रोपे फस्त केली. पुढे लाकूडतोड झाली. नंतर दोरासाठी न्यूझीलंडचे 'फ्लॅक्स' लावण्यात आले. तो धंदा १९६६ मध्ये बंद पडला, पण फ्लॅक्स पसरतच राहिले. नेच्याच्या बीजाणूपासून प्रथम नखाएवढा हिरवा पापुद्रा तयार होतो आणि त्यावरील फलनासाठी पाण्याचा थर लागतो. फ्लॅक्सच्या गच्च पात्यांखाली त्याला जागाच उरत नाही.

१९९६ मध्ये येथे राष्ट्रीय उद्यान झाले. मग सारे फ्लॅक्स एकदम का उपटू नये? कारण तसे केल्यास उघड्या पडलेल्या नेच्यांना ऊन-वारा सोसत नाही, माती वाहून जाते आणि दुसरे तण माजते. म्हणून थोडी थोडी जागा मोकळी करून तेथे स्थानिक रोपे लावणे हाच मार्ग.

मला यातून एक गोष्ट महत्त्वाची वाटते. नेचा वाचवायचा तर त्याची सावली आणि ओल आधी वाचवावी लागते. आपल्या ओढ्याकाठच्या सायथियालाही हाच नियम लागू आहे.