बाहुल्यांचीं गांवें

जपानांत ३ मार्च हा मुलींचा दिवस मानितात. या सणाचें नांव ‘हिनामात्सुरी’, म्हणजे बाहुल्यांचा उत्सव. मुलीस आरोग्य व सुख लाभावें या इच्छेनें आईबाप घरांत तांबड्या वस्त्राच्या पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात. पूर्ण आरास सात पायऱ्यांची असते. सर्वांत वर सम्राट् व सम्राज्ञी, त्यांच्याखालीं तीन परिचारिका, मग पांच गायकवादक, दोन मंत्री व तीन सेवक, अशा पंधरा बाहुल्या, आणि तळाशीं चिमुकल्या पेट्या, पालखी व बैलगाडी. या बाहुल्या खेळण्यासाठीं नसून पाहण्यासाठीं असतात. सण संपतांच त्या पेटींत ठेवितात. उशीर झाल्यास मुलीचें लग्न लांबतें, अशी लोकांत समजूत आहे.

या चालीचा उगम मोठा चमत्कारिक आहे. पूर्वीं कागदाच्या बाहुलीवर आपली पीडा उतरवून ती नदींत सोडून देत. तोत्तोरी प्रांतांतील मोचिगासे येथें हा विधि अद्यापि पाळला जातो. पुढें एदो काळांत (१६०३ ते १८६८) कारागीर मौल्यवान् वस्त्रें ल्यालेल्या सुंदर बाहुल्या घडवूं लागले. अशी बाहुली पाण्यांत कोण सोडील? टाकून देण्याची वस्तु पिढ्यान्‌पिढ्या जपण्याची वस्तु झाली.

राजधानी क्योतो येथील बाहुल्या दूर उत्तरेकडे कशा गेल्या? याचें उत्तर करडईच्या फुलांत आहे. आपल्याकडे करडई तेलासाठीं पेरतात. यामागाता प्रांतांत मात्र तिच्या पाकळ्यांपासून तांबडा रंग मिळवीत. हा माल मोगामी नदीतून साकाता बंदरास व तेथून गलबतांनीं क्योतोकडे जाई. परत येतांना व्यापारी आपल्या लेकींसाठीं बाहुल्या आणीत. म्हणूनच साकाता व याची या गांवांतील जुन्या घराण्यांपाशीं उत्कृष्ट बाहुल्या आहेत. याचीचा उत्सव एक महिना उशिरा, २ व ३ एप्रिल रोजीं भरतो.

परंतु नुसत्या जपण्यानें वस्तु टिकते काय? निईगाता प्रांतांतील मुराकामी या किल्ल्याच्या गांवाची हकीकत ऐका. रस्ता रुंद करण्याच्या बेतामुळें तेथील व्यापाऱ्यांचीं जुनीं लांकडी घरें पाडलीं जाण्याचें भय उत्पन्न झालें. तेव्हां इ. स. २००० मध्यें गांवच्या दुकानदारांनीं एक साधी युक्ति योजिली. त्यांनीं पेट्यांतल्या बाहुल्या काढून आंतल्या खोल्यांत मांडल्या आणि दारें सर्वांस खुलीं केलीं. तेव्हांपासून दरवर्षीं १ मार्च ते ३ एप्रिल पाहुणे घरोघर फिरतात. उंच छपराखालीं, काळवंडलेल्या तुळयांच्या छायेंत बसून यजमान स्वतः आपल्या बाहुल्यांची कथा सांगतो. पाहुणे येतात बाहुल्यांसाठीं, परंतु जातांना घरांचें मोल जाणून जातात. पुढें २००४ पासून नागरिकांनीं वर्गणी जमवून घरांचे दर्शनी भाग जुन्या पद्धतीनें दुरुस्त करण्याचें कार्यही हातीं घेतलें.

मुलांनो, ही आरास पाहण्याचा योग आल्यास बाहुलीस हात लावूं नका, आणि यजमानास दोन प्रश्न अवश्य विचारा: ही कोणासाठीं आणिली, व कोणीं जपली? तेच दोन प्रश्न आजच सायंकाळीं आपल्या आजीच्या पेटीपाशीं बसूनही विचारतां येतील. जुनी वस्तु कुलुपांत सुरक्षित राहते खरी. परंतु तिची कथा मात्र दुसऱ्यास सांगितल्यानेंच टिकते.