हुशार मुलाचें काय करावें?

परीक्षेंत मागें पडणाऱ्या मुलाविषयीं शाळेंत पुष्कळ बोलणें होतें. त्याला जादा तास मिळतो, त्याच्या पालकांस बोलावणें जातें, व तें योग्यच आहे. परंतु फळ्यावर उदाहरण पुरें लिहून होण्यापूर्वींच ज्यास उत्तर दिसतें, त्याच्याविषयीं शिक्षक व पालक दोघेही निश्चिंत असतात. त्याचें आपोआप चालेल, अशी सर्वांची समजूत. तो मात्र उरलेला तास खिडकीबाहेर पाहण्यांत घालवितो, शेजाऱ्याच्या वहींत चित्रें काढितो, शिक्षा भोगतो, आणि तीन-चार वर्षांनीं मधल्या बाकावरचा एक सामान्य विद्यार्थी होऊन बसतो. कोणाचें कांहीं बिघडलें असें कोणासही वाटत नाहीं. विचुंब्यास एका अंगाला जुनी घरें व दुसऱ्या अंगाला पनवेलच्या बाजूनें वाढत आलेल्या नव्या इमारती आहेत. अशीं मुलें दोन्हींकडे आहेत, आणि हा लेख त्यांच्यासाठीं व त्यांच्या आईबापांसाठीं आहे.

हुशारी म्हणजे पहिला क्रमांक, असा एक समज रूढ आहे. आमच्या मतें तो अपुरा आहे. पहिला क्रमांक पुष्कळदां नेटकेपणाला मिळतो, आणि नेटकेपणा हा गुणच होय. पण असामान्य बुद्धीची ओळख बहुधा प्रश्नांवरून पटते. सांगितलेल्या गोष्टीपाशीं "असें कां?" म्हणून अडून बसणारें, एकाच छंदांत तासन् तास बुडून जाणारें मूल पाहावें. दुकानांत बसून वडिलांच्या आधीं तोंडी हिशेब सांगणारी मुलगी दिसली, तर तिला नुसती चुणचुणीत म्हणून सोडून देऊं नये. तिच्या जागीं मुलगा असता तर घरच्यांनीं त्याला एव्हांना इंजिनियर ठरविलें असतें!

असें मूल ओळखल्यावर घरानें व बाहेरच्यांनीं काय करावें, याचें उत्तम उदाहरण मुंबईंतच घडलें आहे. परळच्या चाळींतील एका खोलींत सुभेदार रामजी सकपाळ यांचें कुटुंब राहत असे. त्यांचे चिरंजीव भीमराव, म्हणजे पुढील काळचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर, एल्फिन्स्टन हायस्कुलांत शिकत होते. अस्पृश्य म्हणून त्यांस संस्कृत घेऊं दिलें नाहीं. फारशी घ्यावी लागली. घरीं स्वयंपाक, निजणें व अभ्यास हें सारें त्या एका खोलींत. म्हणून वडील मुलास लौकर निजावयास लावीत आणि रात्रीं दोनच्या सुमारास उठवून दिव्याशीं बसवीत. मुलास पुस्तकांची हांव मोठी, आणि वडिलांच्या हातीं निवृत्तिवेतनाचे मोजके रुपये. तेव्हां रामजी आपल्या विवाहित लेकींकडे जात. पैसे नसले तर एखादा दागिना मागून आणीत, तो गहाण टाकून पुस्तक घेत, आणि वेतन मिळालें कीं सोडवून परत करीत. आम्हांस या हकीकतींत त्या बहिणींचा वांटा विशेष वाटतो. हुशार मुलाचा भार एकटा बाप सोसत नाहीं, सारें घर सोसतें.

बाहेरचा माणूस म्हणजे कृष्णाजी अर्जुन केळुसकर. ते स्कॉटिश मिशनच्या विल्सन हायस्कुलांत शिक्षक होते. म्हणजे हा मुलगा त्यांच्या शाळेचासुद्धां नव्हता. चर्नी रोडच्या बागेंत तो पुस्तक घेऊन बसलेला त्यांच्या दृष्टीस पडला, त्यांनीं चौकशी केली, आणि ते त्यास वाचावयास पुस्तकें देऊं लागले. १९०७ सालीं भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हां भरलेल्या अभिनंदनाच्या सभेंत केळुसकरांनीं स्वतः लिहिलेलें गौतम बुद्धाचें चरित्र त्यांस भेट दिलें. पुढें कॉलेजच्या खर्चापुढें घर थकलें, त्या वेळीं बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकून दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून देणारे केळुसकरच. १९१२ सालीं बी. ए., १९१३ सालीं न्यूयॉर्कचें कोलंबिया विद्यापीठ, हा पुढील इतिहास सर्वांस ठाऊक आहे. केळुसकरांनीं शिकवणी ठेविली नव्हती. त्यांनीं मुलाची भूक ओळखली, आणि घराचा हात जेथें पोंचत नव्हता तेथें आपलें वजन खर्चिलें. मिशनच्या शाळेंत शिकविणारे आम्हीं. त्यांचा आम्हांस अभिमान वाटतो.

आतां शाळेचें काम. हुशार मुलास पुढच्या इयत्तेचें पुस्तक लौकर देणें निराळें, आणि हातांतल्या विषयांतच त्यास खोल नेणें निराळें. पहिल्यानें एखादें वर्ष वांचतें. दुसऱ्यानें बुद्धीला कस लागतो. आमचा कल दुसऱ्याकडे आहे. पुण्यास डॉ. वि. वि. पेंडसे यांनीं १९६२ सालीं ज्ञान प्रबोधिनी स्थापिली, तेव्हां निरनिराळ्या शाळांतील निवडक मुलांस शाळेखेरीजच्या वेळांत एकत्र आणून असेंच वाढीव शिक्षण द्यावयाचें, हा तिचा उपक्रम होता. तिची स्वतंत्र प्रशाला १९६९ सालीं निघाली. अशा ठिकाणीं मुलास मिळणारी मोठी गोष्ट म्हणजे बरोबरीचा सोबती. वर्गांत नेहमीं वरचढ ठरणाऱ्या मुलास आपल्याहून चलाख मूल भेटलें, कीं त्याचा गर्व आणि एकटेपणा दोन्ही कमी होतात.

अशी निवड कसोट्या लावून करितात, आणि कसोटी चुकतेही. अमेरिकेंत लुईस टर्मन यांनीं १९२१ सालीं आरंभ करून, बुद्धिमापनावरून सुमारें १५०० मुलें निवडिलीं व पुढें त्यांचा आयुष्यभर मागोवा घेण्यांत आला. त्या निवडींत न बसलेल्या विल्यम शॉकली व लुईस अल्व्हारेझ या दोघांस पुढें पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें, एकास १९५६ सालीं व दुसऱ्यास १९६८ सालीं. तेव्हां एखाद्या यादींत नांव आलें नाहीं म्हणून मुलास घरीं उणें बोलूं नये. नांव आलें तरी पाहुण्यांपुढें त्यास उभें करून पाढे म्हणवूं नयेत, आणि धाकट्या भावंडास त्याच्या नांवानें टोचूं नये.

आपल्या भागांतील पालकांस कांहीं वाटा माहीत असाव्यात. रायगड जिल्ह्याचें जवाहर नवोदय विद्यालय माणगांव तालुक्यांत निजामपूर येथें आहे. इयत्ता ६ वीचा प्रवेश परीक्षेनें होतो, निदान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांकरितां असतात, व राहणें-जेवणें-शिकणें विनामूल्य असतें. सरकारी व अनुदानित शाळांतील ८ वीच्या मुलांसाठीं आर्थिक दुर्बल घटकांची राष्ट्रीय शिष्यवृत्ती २००८ सालापासून आहे. परीक्षा उतरून निवड झाल्यास ९ वीपासून १२ वीपर्यंत वर्षास १२,००० रुपये मिळतात. मुंबईच्या विज्ञानशिक्षकांच्या संघटनेची होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा ६ वी व ९ वीकरितां असते. तींत लेखी परीक्षेखेरीज प्रयोग व प्रकल्पही करावा लागतो, म्हणून ती आम्हांस विशेष आवडते. पनवेलहून हार्बरच्या गाडीनें मानखुर्दास उतरलें, तर १९७४ सालीं स्थापन झालेलें होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र तेथून जवळच आहे. भारतांतील ऑलिंपियाडची तयारी तेथूनच चालते. अर्थात् पांच-पांच शिकवण्या लावून मुलाची संध्याकाळ संपविणें, ही वाट आम्हीं सुचवीत नाहीं.

खोल जाणें म्हणजे काय, तें विद्यार्थ्यांनीं स्वतःच अनुभवावें. कागद-पेन्सिल पुरे. डहाणूस १९०५ सालीं जन्मलेले द. रा. कापरेकर हे १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीस शाळामास्तर होते. आंकड्यांशीं खेळणें हा त्यांचा छंद. कित्येक पंडित त्यास पोरखेळ समजत. १९७५ सालीं मार्टिन गार्डनर यांनीं एका अमेरिकन मासिकांत त्यांच्याविषयीं लिहिलें, तेव्हां जगभर त्यांचें नांव झालें. त्यांचा शोध असा: चार अंकांची कोणतीही संख्या घ्या, चारही अंक सारखे मात्र नसावेत. अंक उतरत्या क्रमानें मांडा, मग चढत्या क्रमानें मांडा, आणि मोठींतून लहान वजा करा. उत्तराला पुन्हां तेंच करा. शून्य आलें तर तेंही अंकांत धरावें. समजा, ३५२४ घेतली: ५४३२ मधून २३४५ गेले, ३०८७ राहिले. ८७३० मधून ०३७८ गेले, ८३५२. ८५३२ मधून २३५८ गेले, ६१७४. आतां ७६४१ मधून १४६७ वजा केले तरी पुन्हां ६१७४ च! कोणतीही संख्या घ्या, फार तर सात खेपांत याच जागीं येतां. गेल्या वर्षाचा सन घेऊन पाहा, आपल्या जन्माचा सन घेऊन पाहा, आणि कोणास किती खेपा लागल्या तें वहींत मांडा.

तीन अंकांच्या संख्येला हाच नियम लाविला तर काय होतें, आणि दोन अंकांच्या संख्येंत तें कां साधत नाहीं, हें आम्हीं येथें सांगत नाहीं. ज्यास तें सुट्टींत उमगेल, त्यानें वही घेऊन आम्हांस भेटावें.