ट्रॅक्टर भाड्याचा धंदा: पहिली पाच मिनिटं, शेवटची तीन मिनिटं आणि मधला फुकटचा तास



ट्रॅक्टर घेऊन भाड्याने कामं करायची म्हटलं की आपण बराच हिशोब करतो. किती एचपीचा घ्यायचा, कर्ज कुठून काढायचं, रोटाव्हेटर पाच फुटी की सहा फुटी, एकरी भाव काय लावायचा. पण रोज सकाळी इंजिन कसं चालू करायचं आणि संध्याकाळी कसं बंद करायचं, हा विषय आपण सरळ ड्रायव्हरवर सोडून देतो.

माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे. नोझल, पिस्टन रिंग, टर्बोचं सामान न्यायला येणाऱ्या गिऱ्हाइकाला मी एकच प्रश्न विचारतो, "सकाळी चालू केल्यावर काय करता?" उत्तरं बहुतेक दोनच येतात. एक, "काही नाही, सेल्फ मारला की निघालो." दोन, "पंधरा-वीस मिनिटं गरम होऊ देतो, मग निघतो." मित्रांनो, दोन्ही उत्तरं चूक आहेत. व्हिडिओत मी हे ट्रॅक्टरवर करून दाखवलंय, इथे त्यामागचं कारण आणि पैशाचा हिशोब नीट लिहून देतो.

थंड इंजिनात काय चाललेलं असतं?

रात्रभर ट्रॅक्टर उभा असतो. ऑइल खाली चेंबरमध्ये उतरलेलं आणि घट्ट झालेलं असतं. इंजिन चालू झाल्यावर ते पंपाने वरपर्यंत, म्हणजे हेडमधल्या रॉकरपर्यंत आणि टर्बो असेल तर टर्बोपर्यंत पोचायला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात कुणी हाताचा अ‍ॅक्सिलेटर खाली ओढून रेस केली, तर लोखंडावर लोखंड जवळजवळ कोरडंच फिरतं.

दुसरी गोष्ट, पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा आणि लायनर बिडाचा. गरम झाल्यावर अ‍ॅल्युमिनियम जास्त फुगतं. म्हणजे थंड असताना दोघांमध्ये फट जास्त असते, आणि इंजिन कामाच्या तापमानाला आल्यावर ती बरोबर बसते. थंड इंजिनावर नांगर किंवा भरलेली ट्रॉली ओढली की त्या फटीचा त्रास रिंगा आणि लायनरला होतो.

म्हणून पहिला नियम: चालू केल्या केल्या रेस नाही, लोड नाही.

मग वीस मिनिटं उभा ठेवला तर काय बिघडतं?

इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. डिझेल इंजिन स्लोवर असताना हवा भरपूर घेतं, पण डिझेल अगदी थोडं जाळतं. थोडं डिझेल म्हणजे थोडी उष्णता. त्यामुळे जागेवर उभं ठेवून डिझेल इंजिन लवकर गरम होतच नाही. थंडीच्या दिवसांत तर वीस मिनिटांनंतरही काटा जेमतेम हललेला दिसतो.

आणि या काळात नुकसान चालू असतं. आत पुरेशी उष्णता नाही, म्हणून डिझेल पूर्ण जळत नाही. अर्धवट जळलेलं डिझेल काजळी होऊन नोझलच्या तोंडावर आणि रिंगांच्या खाचांत बसतं. लोड नसल्यामुळे रिंगा लायनरला घट्ट दाबल्या जात नाहीत. मग काही डिझेल रिंगांच्या बाजूने खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतं आणि ऑइल पातळ होतं. सायलेन्सरच्या तोंडाला काळं, ओलसर, तेलकट लागलेलं दिसलं, तर हा ट्रॅक्टर कामापेक्षा उभाच जास्त चालतोय असं समजा.

म्हणून दुसरा नियम: डिझेल इंजिन उभं राहून नाही, हलक्या कामात गरम होतं.

सकाळची बरोबर पद्धत

1. चालू करण्याआधी ऑइलची पट्टी, रेडिएटरचं पाणी आणि खाली कुठे गळती आहे का, एवढं बघा. पाणी थंड इंजिनावरच तपासायचं.
2. गिअर न्यूट्रल, पीटीओ बंद, हँडब्रेक लावलेला, क्लच दाबलेला. अ‍ॅक्सिलेटर अगदी थोडा.
3. सेल्फ एका वेळी 10 सेकंदांपेक्षा जास्त मारू नका. चालू नाही झाला तर अर्धा-एक मिनिट थांबून पुन्हा. नाहीतर सेल्फ आणि बॅटरी दोन्ही जातील.
4. चालू झाला की ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. नाही विझला तर लगेच बंद करा आणि मेकॅनिकला बोलवा. "जरा चालू दे, विझेल" असं करायचं नाही.
5. एक-दोन मिनिटं स्लोवर ठेवा. डिसेंबर-जानेवारीत निफाडसारख्या कडाक्याच्या थंडीच्या भागात असाल तर तीन ते पाच मिनिटं. त्याहून जास्त नाही.
6. मग 1,000 ते 1,200 आरपीएमवर, हलक्या गिअरमध्ये निघा. शेतापर्यंतचा रस्ता हाच तुमचा वॉर्म-अप. यात गिअरबॉक्स आणि हायड्रोलिकचं ऑइलही सैल होतं. इंजिन उभं ठेवून गिअरबॉक्सला ही ऊब मिळत नाही.
7. पाण्याच्या तापमानाचा काटा हिरव्या पट्ट्यात आला की मगच नांगर जमिनीत टाका किंवा पूर्ण रेसवर रोटा मारा.

थंडीत सुरुवातीला पांढरा धूर येतो, ते न जळलेलं डिझेल असतं. इंजिन गरम झाल्यावर तो गेला पाहिजे. गरम इंजिनातूनही पांढरा धूर येत असेल किंवा रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर दाखवून घ्या.

आणि एक जिवाची गोष्ट: बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. चालू केल्यावर ट्रॅक्टर आधी बाहेर काढा.

संध्याकाळची तीन मिनिटं

तासभर रोटा मारून ट्रॅक्टर बांधावर आणला आणि लगेच स्टॉपची नॉब ओढली, असं बरेच जण करतात. इंजिन बंद झालं की पाण्याचा पंप, पंखा आणि ऑइलचा पंप तिन्ही एकदम थांबतात. पण हेडमधली उष्णता तिथेच असते. ती बाहेर काढायला कुणीच उरत नाही.

टर्बो असेल तर जास्तच जपायला हवं. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखभर फेऱ्यांच्या घरात फिरू शकतो, आणि तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. गरम टर्बोचं ऑइल अचानक थांबलं तर तिथलंच ऑइल जळून कोळसा होतं. असं रोज झालं की टर्बोचं बेअरिंग जातं.

म्हणून जड कामानंतर दोन ते तीन मिनिटं स्लोवर ठेवा आणि मग बंद करा. त्या वेळात अवजार खाली टेकवा, पीटीओ बंद आहे का बघा, डायरीत तास लिहा. वेळ फुकट जात नाही.

मधला तास: खरी गळती इथे आहे

आता धंद्याचा हिशोब. ट्रॅक्टर शेतावर पोचला, मालक अजून यायचाय. बांध दाखवायचाय. चहा आला. फोन आला. या सगळ्यात इंजिन चालूच. दिवसभरात हे पाऊण-एक तास सहज होतं.

45–50 एचपीचा ट्रॅक्टर स्लोवर तासाला साधारण एक लिटर डिझेल खातो असं हिशोबाला धरू. तुमच्या ट्रॅक्टरचा आकडा एकदाच मोजून घ्या: सपाट, मोकळ्या जागेत टाकी तोंडापर्यंत भरा, अर्धा तास स्लोवर चालवा, मग मापाने पुन्हा तोंडापर्यंत भरा आणि दुप्पट करा.

- रोज फुकटचा वेळ: पाऊण तास
- वर्षातले कामाचे दिवस: 180
- एकूण: 135 तास, म्हणजे 135 लिटर
- डिझेल 90 रुपये धरलं तर: 12,150 रुपये

हे फक्त डिझेल झालं. मॅन्युअलमध्ये ऑइल बदली 250 तासांनी सांगितली असेल, तर या 135 तासांत अर्ध्याहून जास्त ऑइल बदली तुम्ही एक फूटही न नांगरता खाल्ली. त्यात एक मेख आहे. काही ट्रॅक्टरांचा तासांचा मीटर इंजिनच्या फेऱ्यांवर चालतो. स्लोवर तो हळू पळतो, म्हणजे ही गळती मीटरवर पूर्ण दिसतही नाही. तुमचा मीटर कसा चालतो ते मॅन्युअलमध्ये बघा.

सगळ्यात महाग पडतो तो बंद पडलेला दिवस. पेरणीआधीच्या आठ-दहा दिवसांत नोझलचं काम निघालं, तर गिऱ्हाईक थांबत नाही, शेजारचा ट्रॅक्टर बोलावतं. पुढच्या वर्षीही त्यालाच बोलावतं. कर्जाचा हप्ता मात्र तुमची वाट बघत बसत नाही.

50 एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना जानेवारी 2023 पासून नवे प्रदूषण नियम लागू झाले आहेत. या नव्या ट्रॅक्टरांपैकी ज्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळीचा फिल्टर बसवलेला आहे, त्यांत विनाकारण स्लोवर ठेवलं की तो लवकर भरतो. असा ट्रॅक्टर घेणार असाल तर डिलिव्हरीच्या दिवशीच ही सिस्टीम समजून घ्या.

ड्रायव्हर बंद का करत नाही?

इथे मालक म्हणून ऐका. ड्रायव्हरला रागावण्याआधी कारण विचारा. बऱ्याचदा तो म्हणतो, "शेठ, बंद केला तर परत चालू होत नाही." बॅटरी उतरलेली, वायर सैल, टर्मिनलवर पांढरा थर, सेल्फ कच्चा. रानात एकटा माणूस धक्का कुणाकडून मारून घेणार? त्याने चालू ठेवला तर त्याचं काय चुकलं? बॅटरीचे पैसे वाचवायला आपण त्याहून जास्त डिझेल जाळतोय, हे मालकाला दिसत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा:

1. आधी बॅटरी, टर्मिनल आणि सेल्फ ठीक करून द्या.
2. मग नियम सांगा: पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं असेल तर इंजिन बंद. जड काम चालू होतं तर आधी दोन-तीन मिनिटं स्लो, मग बंद.
3. नियम कार्डावर लिहून मडगार्डला चिकटवा: सकाळी दोन मिनिटं, हळू निघा, काटा बघा, बंद करताना तीन मिनिटं.
4. रोज डायरीत तीन आकडे: मीटरचे तास, भरलेलं डिझेल, झालेलं काम एकरात.
5. महिन्याला एकरी डिझेल काढा. ते कमी झालं तर वाचलेल्या पैशातला ठरावीक वाटा ड्रायव्हरला द्या, आणि तो पगाराच्याच दिवशी द्या.

पाचवा मुद्दा सोडू नका. फायदा फक्त मालकाचा आणि शिस्त फक्त ड्रायव्हरची, असं असेल तर कार्ड आठ दिवसांत चिखलाने झाकलं जातं.

पाण्याचा पंप किंवा मळणी यंत्र पीटीओवर चालू असेल तर ते कामच आहे. तो वेळ फुकटात धरू नका.

या आठवड्याचा गृहपाठ

ट्रॅक्टर असेल तर सात दिवस फक्त लिहा, रोज किती मिनिटं इंजिन कामाशिवाय चालू राहिलं. अजून घेतला नसेल तर ओळखीच्या ट्रॅक्टरवाल्यासोबत एक दिवस बसा आणि घड्याळ लावून मोजा. तो आकडा तुमच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये डिझेलच्या खर्चात धरा. कागदावरचा नफा आणि हातात येणारा नफा यांत फरक का पडतो, त्याचं एक कारण तिथेच सापडेल.

पुढच्या भागात बघू: भाव ताशी लावायचा की एकरी, आणि कोणत्या कामाला काय परवडतं. तोपर्यंत सकाळची दोन मिनिटं ट्रॅक्टरला द्या.