चहातल्या पुडीने दारू सुटत नाही

“डॉक्टरसाहेब, त्यांना न कळता चहातून देता येईल असं काहीतरी द्या.” आठवड्यातून एकदा तरी ही मागणी येते. मागणारी बहुतेक वेळा बायको असते, कधी आई. आवाज हळू, नजर दाराकडे. ‘पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा’ ही जाहिरात भिंतीवर नाहीतर मोबाइलवर वाचून त्या आलेल्या असतात. त्यांची तगमग मला समजते. पण स्पष्टच सांगतो, नकळत कुणाची दारू सुटत नाही. नकळत जीव मात्र जाऊ शकतो.

गेल्या पावसाळ्यात एका ताईंनी नवऱ्याला रिक्षात घालून आणलं. चेहरा लालबुंद, छातीत धडधड, उलट्या थांबेनात, रक्तदाब पार खाली. ताईंनी पर्समधून कागदाची पुडी काढली. तिच्यावर औषधाचं नाव नव्हतं. “तीन दिवस आमटीत घालतेय,” एवढंच बोलल्या आणि रडायला लागल्या. लक्षणं डायसल्फिराम पोटात असताना दारू घेतल्यासारखी होती. हे औषध आम्हीही देतो. पण रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने, यकृत आणि हृदय तपासून. ते बंद केल्यावरही त्याचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. पोटात काय आहे हे ज्याला माहीतच नाही, तो संध्याकाळी क्वार्टर घेणारच.

ताईंचे यजमान वाचले. शुद्धीवर आल्यावर मी विचारलं, “दारूबद्दल कुणाशी बोललात कधी?” म्हणाले, “कुणाशी बोलणार? अब्रूचा प्रश्न आहे.” आजार इथेच वाढतो. पिणारा लपवतो, घरचे लपवतात, आणि ती पुडीसुद्धा लपवूनच दिली जाते.

यावर मला माहीत असलेला सर्वांत साधा उपाय म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजेच एएची मीटिंग. १९३५ साली अमेरिकेत अ‍ॅक्रन गावी दोन दारुड्यांनी एकमेकांशी बोलून ही चळवळ सुरू केली. त्यातला एक शल्यचिकित्सक होता. म्हणून ‘शिकलेल्या माणसाला मीटिंग कशाला?’ हे मला ऐकवू नका. फी नाही. पिणं थांबवण्याची इच्छा, एवढीच सभासदत्वाची अट.

या गृहस्थांच्या पहिल्या मीटिंगला मी सोबत गेलो. शाळेचा वर्ग, फळ्यावर पाढे, मुलांच्या बाकांत गुडघे आखडून बसलेली मोठी माणसं. एकेक जण पहिलं नाव सांगून ‘मी अल्कोहोलिक आहे’ म्हणत होता. मधे कुणी टोकत नव्हतं, उपदेश करत नव्हतं. शेवटी वर्गणीची पिशवी फिरली. मी खिशात हात घातला, तर शेजारच्याने थांबवलं. एए बाहेरच्यांचे पैसे घेत नाही. तिथे आडनाव झाकतात, आजार झाकत नाहीत. अब्रूची काळजी करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

मीटिंग शोधायची कशी? केंद्र सरकारच्या १४४४६ या मोफत व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर फोन करा, किंवा जवळच्या व्यसनमुक्ती केंद्रात विचारा. वार, वेळ, भाषा विचारून घ्या. मीटिंग ‘ओपन’ आहे की ‘क्लोज्ड’ हेही विचारा. ओपनला घरचे येऊ शकतात; क्लोज्ड फक्त पिण्याचा त्रास असलेल्यांसाठी असते. पहिल्या दिवशी बोललंच पाहिजे असं नाही, नुसतं बसा. एक गट नाही रुचला तर दुसरा पाहा. एका संध्याकाळवरून निकाल लावू नका. मधे घसरलात, तरी परत जा. तुम्हाला कुणी हाकलणार नाही.

आणि घरच्यांनो, तुमच्यासाठी अल्‌-अनॉनच्या मीटिंग असतात. पिणारा यायला तयार नसला तरी तुम्ही जा. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये उभं केलेलं ‘मुक्तांगण’ही कुटुंबाला उपचारात धरतं.

आता सावधगिरीचं. रोज भरपूर पिणाऱ्याने कुणाच्या तरी शपथेवर किंवा माळ घालून एका रात्रीत, घरच्या घरी दारू सोडू नये. सकाळी घोट घेतल्याशिवाय हात थरथरत असतील किंवा पूर्वी कधी फिट आली असेल, तर आधी डॉक्टरांना भेटा. बहुधा काही दिवस दाखल व्हावं लागेल. शेवटच्या पेल्यानंतरचे पहिले तीन-चार दिवस धोक्याचे. फिट येणं, ताप, दरदरून घाम, नसलेल्या गोष्टी दिसणं, माणसं न ओळखणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका, थेट रुग्णालय गाठा. झोप लागत नाही म्हणून शेजाऱ्याच्या गोळ्या घेऊ नका; वर दारू पडली तर श्वास थांबू शकतो. मीटिंग उपचारांच्या जागी नाही, उपचारांच्या जोडीला आहे. घाबरू मात्र नका. वेळेवर आलात तर हे दिवस औषधांनी सुखरूप पार पडतात.

ते गृहस्थ गेल्या आठवड्यात रक्तदाब तपासायला आले होते, ताईही सोबत होत्या. अजून मीटिंगला जाता का, असं विचारलं. म्हणाले, “जातो ना. नवा माणूस आला की त्याच्याजवळ शेवटच्या बाकावर बसतो. पहिल्या दिवशी एकट्याने बसणं फार जड जातं, डॉक्टर.”