ला पार्गेरा येथील तेजस्वी आखात

कॅरिबियन समुद्रातील पोर्तो रिको या बेटाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर ला पार्गेरा नावाचे कोळ्यांचे एक खेडे आहे. 'पार्गो' हे आपल्या तांबोशीच्या जातीतील माशाचे स्पॅनिश नाव असून त्यावरूनच गावास हे नाव पडले, असे मानतात. परंतु आज ते गाव जगास ठाऊक आहे ते मासळीमुळे नव्हे. गावाच्या पूर्वेस कांदळांच्या राईने वेढलेले एक लहानसे आखात आहे. अमावास्येच्या सुमारास त्यात वल्हे मारले, तर वल्ह्याभोवती निळसर ज्योत उठते. होडीखालून मासा निसटला, तर त्याच्या वाटेची रेघ पाण्यात उजळते. ओंजळीतून पाणी सोडले, तर ठिणग्या गळाव्यात तसे थेंब गळतात.

तेथील लोक त्यास स्पॅनिश भाषेत 'फॉस्फरसासारखे चमकणारे आखात' अशा अर्थाचे नाव देतात. नाव रूढ झाले खरे, पण ते शास्त्रदृष्ट्या चुकीचे आहे. त्या पाण्याच्या तेजाशी फॉस्फरसाच्या चमकेचा काही संबंध नाही. तो प्रकाश सजीवांचा आहे. पायरोडिनियम बहामेन्स या नावाचे एकपेशीय जीव तेथे अगणित संख्येने राहतात. 'अग्नी' व 'भोवरा' अशा अर्थाच्या ग्रीक शब्दांपासून बनलेले हे नाव 1906 मध्ये बहामा बेटांतील अशाच एका सरोवरातील जीवावरून देण्यात आले. असे वीस-पंचवीस जीव एका रांगेत ठेवले, तर रांगेची लांबी जेमतेम एक मिलिमीटर भरेल.

एवढ्याशा देहात दिवा कसा पेटतो? पाणी ढवळले की पेशीच्या आवरणावर ताण पडतो व तिच्यात एक सूक्ष्म विद्युत्स्पंदन उत्पन्न होते. त्यामुळे पेशीतील काही कणांत आम्लता वाढते. तेथे ल्युसिफेरिन नावाच्या द्रव्याचा ल्युसिफेरेज या विकराच्या साहाय्याने प्राणवायूशी संयोग होतो आणि सुमारे एक दशांश सेकंद निळा प्रकाश चमकतो. उष्णता मात्र जवळजवळ मुळीच निर्माण होत नाही. ही दोन द्रव्ये वेगवेगळी असतात, हे राफाएल द्युब्वा या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1885 मध्ये प्रयोगाने दाखविले. त्याने त्यासाठी घेतलेला प्रकाशमान भुंगा वेस्ट इंडीजमधलाच होता, ही गंमतीची गोष्ट!

या जीवाला प्रकाशाचा उपयोग काय, याविषयी शास्त्रज्ञ दोन कारणे सांगतात. एक, त्याला खावयास आलेला इवलासा कवचधारी प्राणी अचानक चमकेने दचकतो. दुसरे अधिक चतुराईचे आहे: चमकेमुळे त्या भक्षकाचा ठावठिकाणा मोठ्या माशांस कळतो. घरात चोर शिरल्यावर आरडाओरडा करून शेजाऱ्यांस जागे करावे, तशातलाच हा प्रकार. दिवसा मात्र हे जीव चमकत नाहीत. उन्हात ते वनस्पतींप्रमाणे अन्न तयार करतात आणि दिवा रात्रीसाठी राखून ठेवतात.

मग हे जीव याच आखातात एवढे का दाटले? आखाताचे तोंड अरुंद, पाणी उथळ, आणि त्या समुद्रात भरती-ओहोटीचा फरक फारच थोडा. त्यामुळे जीव बाहेर वाहून जात नाहीत. शिवाय काठच्या कांदळांची पाने पाण्यात गळून कुजतात व त्यांतून त्यांस आवश्यक ती जीवनसत्त्वे व अन्नद्रव्ये मिळतात. आखाताचा आकार, कांदळ आणि काळोख या तिहींच्या जमून आलेल्या मेळाचे हे फळ आहे. ते कोठेही उभारता येत नाही, मात्र बिघडवता सहज येते.

ला पार्गेरास नेमके तेच घडत आले आहे. हे तेज पाहण्यास प्रवासी लोटू लागले आणि पुष्कळ कोळी कुटुंबांस जाळ्यापेक्षा प्रवाशांची होडी अधिक मिळवून देऊ लागली. त्यांस दोष कसा द्यावा? पण यांत्रिक होड्यांचे तेल पाण्यात उतरले, किनाऱ्यालगत पाण्यावर खांब रोवून घरे झाली, डोंगरउतारावरील झाडी तुटून माती खाली येऊ लागली आणि गावचे विजेचे दिवे आकाशात उजळू लागले. आखात अजून चमकते, पण पूर्वीच्या मानाने बरेच मंद.

त्याच प्रदेशातील व्येकेस बेटावरील मोस्कितो आखात याहून कितीतरी तेजस्वी आहे. तेथे 2007 पासून पोहण्यास बंदी असून प्रवाशांस वल्ह्यांच्या किंवा विजेवरील होड्यांतून नेतात. 2017 च्या सप्टेंबरात मारिया चक्रीवादळाने तेथील कांदळ मोडले व आखात कित्येक महिने काळोखे राहिले. पुढे ते पुन्हा उजळले.

आपल्या कोकण-गोमंतकाच्या किनाऱ्यावरही लाटा कधी कधी निळ्या चमकतात. 2020 च्या नोव्हेंबरात जुहू, देवगड येथे लोकांनी ते पाहिले. परंतु येथील जीव वेगळा. त्याचे नाव नॉक्टिल्युका. त्याचा हिरवा प्रकार अरबी समुद्रात हिवाळ्यात अफाट पसरू लागला आहे. मूळ गोमंतकीय शास्त्रज्ञ जोआकिम गोइश व त्यांच्या सहकारी हेल्गा गोमिश यांच्या गटाने 2014 मध्ये त्याचा संबंध पाण्यातील घटत्या प्राणवायूशी जोडला. ला पार्गेरातील तेज हे आखाताच्या आरोग्याचे लक्षण, तर हे पाणी बिघडल्याचे. या नॉक्टिल्युकावर पोसतात ते मुख्यतः जेलीफिश व साल्प यांसारखे प्राणी, आणि कोळ्याच्या जाळ्यात ते आले तरी बाजारात त्यांस कोणी विचारीत नाही.